धाबं आणि सिमेंटचा पत्रा

मे महिन्यात गावी गेलो होतो. नांदुरा तालुका, म्हणजे घाटाखाली. बुलडाण्याची हवा तिथे नाही! दुपारी काकांच्या धाब्याखाली पडलो होतो, तर काका म्हणाले, "बाबू, हे धाबं पाडतो यंदा. लय गळते. सिमेंटचे पत्रे टाकतो, टिनापेक्षा थंडे राह्यतात."

टिनापेक्षा थंड असतात हे खरं. पण त्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, हे आमच्याकडे कुणी बोलतच नाही. लहानपणी आम्ही फुटक्या पत्र्याचे तुकडे शेकोटीत टाकायचो, फटाक्यासारखे वाजायचे. आता आठवलं की पोटात गोळा येतो. पत्रा कापला, फोडला की तंतू उडतात, फुप्फुसात रुततात आणि कॅन्सर दिसतो तो वीस-तीस-चाळीस वर्षांनी. तेव्हा पत्र्याची आठवण कुणाला राहणार?

युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्यानंतरही तिथला माल आपल्याकडे येत राहिला. त्यांना नको ते आपल्या डोक्यावर, अक्षरशः.

मग टाकायचं काय? पैसे असतील तर मधे फोम भरलेले पत्रे मिळतात. बंगळूरच्या प्लायवुड संशोधन संस्थेने बांबूच्या चटयांचे नालीदार पत्रेही केले आहेत, पण ते नांदुऱ्याच्या दुकानात मागून बघा. :) साधा टिन टाकून वरून चुना मारला आणि खाली हात-दीड हात सोडून तुराट्यांचा ताटवा बांधून लिंपला, तरी पुष्कळ फरक पडतो. फक्त उधळी आणि विजेच्या वायरी सांभाळायच्या. नाहीतरी तुराट्या आपण बांधावर जाळतोच.

पण खरं सांगू का, मला धाबंच पाडू नये असं वाटतं. वीतभर पांढरी माती उन्हाला जेवढी अडवते तेवढं सहा मिलिमीटरच्या पत्र्याला जमणार नाही. गळतं म्हणून माती काढायची, खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, पुन्हा माती. काका म्हणाले, "अन् दरसाल माती टाकाले माणूस कोठी भेटते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात बसून सल्ले देणं सोपं असतं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मंग गोठ्यावरचे पत्रे?" ते तर पंचवीस वर्षांचे, सिमेंटचेच. मी म्हटलं, आहेत तसे राहू द्या, भोकं पाडू नका. काढायचेच झाले तर पाणी मारून, अख्खे उतरवा, घणाने नको.

काका बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "ते प्लास्टिक काय मीटर भेटते रे?"