पावले राहिली, देव गेले

कंबोडियातील कोह केर ही दहाव्या शतकातील ख्मेर राजधानी. तेथील प्रासात चेन मंदिरात भीम आणि दुर्योधन गदायुद्धाच्या पवित्र्यात समोरासमोर उभे होते. यादवीच्या धामधुमीत तस्करांनी या मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. चौथऱ्यावर उरली ती केवळ पावले! त्याच पावलांच्या साक्षीवर कंबोडियाने आपला हक्क सांगितला आणि २०१४ साली दोन्ही मूर्ती अमेरिकेतून मायदेशी परतल्या. १९७५ ते १९७९ या काळातील नरसंहारातून सावरलेला हा गरीब देश बत्तमबांगसारख्या प्रांतिक गावातही आपल्या प्राचीन शिल्पांचे छोटेसे संग्रहालय निष्ठेने जपतो.

आपल्या मुंबईत काय आहे? १९३१ साली परळ येथे रस्त्याचे काम चालू असता एक प्रचंड शिल्प सापडले. तीन मीटरहून उंच, एकाच पाषाणात कोरलेले. मध्यभागी एकावर एक तीन आणि दोन्ही बाजूंना झेपावणाऱ्या चार, अशा सात शिवाकृती. पायाशी वाद्ये वाजविणारे गण. काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक, म्हणजे अंगकोर वाटच्याही सुमारे सहाशे वर्षे आधीचा! ही मूर्ती जवळच्याच बारादेवी मंदिरात नेण्यात आली आणि आजही तेथे पूजेत आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे ती तिची प्लास्टरची प्रतिकृती.

अशा मूर्तीची जागा देवळात नव्हे, संग्रहालयात. पूजाअर्चेने शिल्पाची झीज होते, असा युक्तिवाद कलामर्मज्ञ म्हणविणारे काही जण करतात. त्यांची चिंता अनाठायी नाही. त्यांचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. मूर्ती जपायची म्हणून तिच्यापासून भक्त तोडायचे, हे रक्षण नव्हे. पाषाण न झिजविता पूजा करण्याच्या रीती आपल्या परंपरेला अपरिचित नाहीत.

तथापि, सारा दोष टीकाकारांच्या माथी मारून हिंदू समाजाची सुटका होणार नाही. अंगकोरच्या सहलीसाठी पासपोर्ट काढणाऱ्या किती मराठी कुटुंबांनी बारादेवीची वाट विचारली आहे? गणेशोत्सवात लालबागला तासन्‌तास रांगेत उभ्या राहणाऱ्यांपैकी किती जणांना हाकेच्या अंतरावरील हा शिव ठाऊक आहे? केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत नाव आले, म्हणजे समाजाचे कर्तव्य संपले काय?

देव देवळातच राहावा, असा आग्रह धरणाऱ्यांनी त्याच्या रक्षणाचा भारही उचलला पाहिजे. परळ-शिवडीच्या शाळांनी मुलांना तेथे न्यावे, लालबाग-परळच्या मंडळांनी एखाद्या वर्षी आपल्या देखाव्यात हा इतिहास मांडावा, दादर-गिरगावच्या कुटुंबांनी एक रविवार या दर्शनासाठी राखावा. कोह केरला पावले राहिली आणि देव गेले. परळला देव जागच्या जागी आहे. भक्तांची पावले तेवढी तेथवर पोहोचायची आहेत.