न गंजणाऱ्या पोलादाचा गंज

मोटारीच्या एंजिनातील धूर वाहून नेणाऱ्या ‘हेडर’ नळ्या स्टेनलेस असूनही तांबूस का होतात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. या पोलादाचे रक्षण करितो तो त्यातील क्रोमियमपासून हवेत आपोआप बनणारा अतिसूक्ष्म पापुद्रा. ३०४ जातीत क्रोमियम सुमारे १८ टक्के; स्वस्त ४०९ जातीत अवघे ११ टक्के, म्हणून तिच्यावर वरवरचा गंज चढावयाचाच. (लोहचुंबक घट्ट चिकटल्यास बहुधा हीच जात समजावी.) समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत नळ्या पूर्ण निवाल्यावर गोड्या पाण्याने धुवाव्या. साधा लोखंडी तारेचा ब्रश मुळीच वापरू नये. त्याचे कण रुतून बसतात व तेच गंजू लागतात. उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची हौसही आवरावी. तिच्याखाली ओल मुरते, नि नळीला भोक पडल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड निसटून गाडीत शिरू शकतो.