पिकअपच्या नावाखाली

“काका, कॅटकॉन खाली करून देतो. नवा कशाला घालताय? गाडी अशी पळेल की बघत राहाल.”

पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये हे वाक्य मी ऐकलं, तेव्हा माझी दहा वर्षांची पेट्रोल गाडी लिफ्टवर होती. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर ती दम टाकत होती, पायाखालचा पत्रा तापत होता आणि मागून सडक्या अंड्यासारखा वास येत होता. कॅटकॉन, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा, चोक झाला आहे, हे निदान बरोबर होतं. सुचवलेला उपाय मात्र असा : डबा उतरवायचा, आत पहार घालून जाळी फोडायची, भुगा झटकायचा आणि रिकामा डबा परत वेल्ड करायचा. बाहेरून सगळं जसंच्या तसं दिसतं. ही लबाडी आपल्याकडे दुरुस्ती म्हणून विकली जाते आणि भलीभली शिकलेली माणसं ती हौसेने विकत घेतात.

फोडायची ती वस्तू काय असते, ते आधी ऐका. चिनी मातीच्या जातीची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. एका चौरस इंचात साधारण चारशे ते सहाशे भोकं. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ लेप. सुमारे तीनशे अंशांच्या आसपास तापली की ही जाळी कामाला लागते : कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करते, न जळलेलं पेट्रोल जाळून टाकते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन बाहेर सोडते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरणारा कार्बन मोनॉक्साइड वायू या डब्यात संपतो. डबा रिकामा केला की तो वायू थेट तुमच्या मागे स्कूटरवर बसलेल्या पोरीच्या नाकाशी जातो. गाडीच्या काचा वर करून, एसी लावून बसलेल्या तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि कमावता काय? साध्या, टर्बो नसलेल्या 1200 सीसीच्या गाडीत चांगला कॅटकॉन काढून फार तर दोन-चार हॉर्सपॉवर हाती लागतात. तुंबलेली जाळी फोडल्यावर गाडी पळते ती धुराची वाट मोकळी झाल्यामुळे. नवा कॅटकॉन बसवला तरी ती तशीच पळते. टर्बो गाडीत मोकळा डाऊनपाइप टाकून रीमॅप केला तर ताकद खरोखर वाढते, हे मी नाकारत नाही. मग ती गाडी ट्रॅकवर न्या. सिंहगड रोडच्या सिग्नलला ती ताकद वापरायला जागा कुठे आहे? इतकीच हौस असेल तर कमी भोकांचे, धातूच्या जाळीचे हाय-फ्लो कॅटकॉन मिळतात. पण त्यांना पैसे पडतात, आणि फुकटची फुशारकी हवी असलेल्या माणसाला पैसे जड जातात.

कॅटकॉनच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. जाळी गेली की मागचा सेन्सर बोंब मारतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. त्यावरही गॅरेजवाल्यांकडे तोड आहे : सेन्सरखाली स्पेसर घालून त्याला धुरापासून लांब करायचं, नाहीतर लॅपटॉप लावून तो कोडच बंद करायचा. गाडी खरं बोलते म्हणून तिचं तोंड दाबायचं! हे करणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

पीयूसीचं, म्हणजे प्रदूषण तपासणीचं काय, असं मी त्या गॅरेजवाल्याला विचारलं. “ते आपल्याकडे लागलं,” तो म्हणाला. या तीन शब्दांत आपल्या तपासणीची सगळी अब्रू गेली. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत जागेवर उभ्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची तिथे दखलही घेतली जात नाही. याच शहरात, वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांमध्ये गाड्यांच्या धुराची वर्षानुवर्षं काटेकोर चाचणी होते. टेकडीखाली एक पहार ते सगळं अर्ध्या तासात धुळीला मिळवते.

ज्यांना हा डबा म्हणजे सरकारने गळ्यात मारलेलं लोढणं वाटतं, त्यांनी 1995 आठवावं. त्या वर्षी 1 एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन सक्तीचा झाला. शिशामुळे जाळीवरचा लेप निकामी होतो, म्हणून या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं. 2000 साली ते देशभर आलं. त्याआधी आपण सगळे भर रस्त्यात शिसं श्वासात ओढत होतो, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. पेट्रोलमधून शिसं जाण्याला हा डबाही एक मोठं कारण ठरला. आज तिशीत असलेला, फ्री फ्लो सायलेन्सरच्या आवाजावर खूश होणारा मुलगा ज्या हवेत वाढला, ती हवा या डब्याने राखली होती.

त्याची किंमत चोरांना बरोबर कळते. मारुती ईकोचे सायलेन्सर रात्रीतून कापून नेणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत पकडल्या गेल्या, त्या या जाळीसाठीच. 2021 मध्ये ऱ्होडियम सोन्याच्या पंधरापटींहून महाग झालं होतं. तेव्हा तुमच्या गाडीतून झटकलेला तो भुगा कुठे जातो, हेही एकदा विचारा. तुमच्याकडून मजुरी घ्यायची आणि तुमचीच जाळी भंगारात विकायची, असा हा दुहेरी धंदा आहे.

माझी जाळी का तुंबली, हे त्या गॅरेजमध्ये कुणी पाहिलंच नाही. दुसरीकडे स्कॅनर लावला तेव्हा कळलं : एक इग्निशन कॉइल महिनोन्‌महिने मिस मारत होती. न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटत होतं आणि जाळी आतून वितळली होती. आधी कॉइल आणि प्लग बदलले, मग कंपनीचा नवा कॅटकॉन बसवला. खिशाला चटका बसला. खंबाटकी आता गाडी तिसऱ्यावर चढते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) प्रमाणे प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम लावायचं तर गाडीखाली वाकून बघावं लागतं, आणि आपले तपासनीस वाकत नाहीत.

म्हणून तुम्हालाच सांगतो. कॅटकॉन गेला असेल तर आधी तो का गेला ते शोधायला लावा. त्याच्या जागी कॅटकॉनच बसवा, पक्कं बिल घ्या आणि जुना डबा मागून ताब्यात घ्या. “खाली करून देतो” असं कुणी म्हणालं, तर किल्ली परत मागा आणि त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढू नका.