गाडीचं बॉनेट उघडा, ग्रिड समजेल

स्मार्ट मीटर बसायला लागल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन प्रकारचे मेसेज फिरतायत. एकात लिहिलेलं असतं की बिल दुप्पट येणार, दुसऱ्यात असतं की दिवसा वीज जवळजवळ फुकट मिळणार. दोन्ही खोटं आहे. खरी गोष्ट एवढीच, की १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे टीओडी मीटर आहे, त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली, सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे, आणि काही वर्षांत ती १ रुपयापर्यंत जाणार आहे. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर.

पण तीच वीज, तीच वायर, तोच मीटर असताना दुपारी स्वस्त आणि संध्याकाळी महाग का? हे समजावून सांगायला माझ्याकडे सगळ्यात सोपं साधन आहे ते म्हणजे साधी पेट्रोल गाडी. तिच्या बॉनेटखाली एक छोटी, स्वतंत्र ग्रिड असते.

गाडी न्यूट्रलला चालू ठेवा. इंजिन साधारण ८०० आरपीएमला फिरत असेल. आता एसी लावा. कॉम्प्रेसरचा भार आला की काटा क्षणभर खाली येतो, इंजिनचा आवाज थोडा जड होतो, आणि मग गाडीचा कॉम्प्युटर जास्त हवा-इंधन देऊन काटा परत वर आणतो. गाडी जुनी असेल, थ्रॉटल बॉडीत काजळी बसलेली असेल, तर हे सावरणं जमत नाही आणि इंजिन धडधडून बंद पडतं. सिग्नलवर हे कुणाचं ना कुणाचं होताना आपण सगळ्यांनी पाहिलंय.

देशाच्या ग्रिडमध्ये अगदी हेच होतं. औष्णिक केंद्रातली टर्बाइन्स मिनिटाला ३००० फेरे मारतात, म्हणजे सेकंदाला ५०. तेच आपले ५० हर्ट्झ. संध्याकाळी सात वाजता लाखो घरांत दिवे, टीव्ही, गीझर, एसी लागले की हे सगळे फिरणारे लोखंडी रोटर एकदम किंचित मंदावतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही लाइनने दक्षिण भारत जोडला गेला, तेव्हापासून सगळ्या देशाचा काटा एकच आहे. काश्मीरमध्ये हीटर लागला तर चंद्रपूरच्या टर्बाइनलाही ते, अगदी सूक्ष्म का होईना, जाणवतं. काटा ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा असा नियम आहे. तो फारच खाली घसरला, ४९.४ च्या आसपास गेला, की रिले आपोआप काही फीडर तोडायला लागतात. ग्रिड-इंडियाच्या साइटवर ही फ्रिक्वेन्सी लाइव्ह दिसते. मला ती बघत बसायचा नाद आहे, क्रिकेटच्या स्कोअरसारखा.

आता यात सोलर आणा. जानेवारी २०२५ मध्ये देशातली सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. दुपारी ही वीज भरपूर असते, आणि सूर्य कलला की दोन-तीन तासांत शून्यावर येते, नेमकी आपण घरी येऊन स्विच दाबायच्या वेळेला. ही पोकळी कोळशाच्या केंद्रांनी भरून काढायची असते. पण कोळशाचं केंद्र म्हणजे घाटात चढणारा लोडेड ट्रक. त्याला दुपारी बंद करून संध्याकाळी सेल्फ मारून लगेच पळवता येत नाही. म्हणून तो दुपारी अर्ध्या लोडवर, जास्त इंधन जाळत, चालूच ठेवावा लागतो. त्यामुळे दुपारी वीज जास्त होते आणि राजस्थानात तर सौर प्रकल्पांनाच उत्पादन कमी करायला सांगावं लागतं. संध्याकाळी उलट. वीज बाजारात दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग असतात, त्यातल्या संध्याकाळच्या भागांत दर बऱ्याचदा युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. ८० पैशांची सवलत ही या दोन टोकांमधल्या फरकाची आपल्यापर्यंत आलेली पातळ धार आहे.

कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं इथे कामाला येतात. पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? ९ वाजता ९ मिनिटं दिवे घालवायचे होते. मागणी १२-१३ हजार मेगावॉटनं कमी होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटनं कोसळली. देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी १७ हजार मेगावॉटहून जास्त उत्पादन मिनिटांत खाली आणलं आणि परत वर नेलं. फ्रिक्वेन्सी ५०.२६ पर्यंत चढली, ४९.७० पर्यंत उतरली, पण ग्रिड टिकली. पणत्यांचे फोटो सगळ्यांनी टाकले. त्या रात्रीचं ग्राफवरचं काम मात्र फारसं कुणी शेअर केलं नाही.

बॅटरी उतरली की काय होतं

सकाळी गाडीला चावी मारली आणि नुसतं टक-टक वाजलं, तर आपण काय करतो? शेजाऱ्याची गाडी जवळ आणतो आणि जम्पर केबल लावतो. इंजिन सुरू करायलाच वीज लागते, हा त्यातला मुद्दा. वीजकेंद्राचंही तेच आहे. पंप, पंखे, कंट्रोल सिस्टीम चालवायला वीज हवी, आणि ती नसेल तर केंद्र स्वतःहून उठत नाही.

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालमध्ये अख्ख्या देशाची लाइट गेली. तिथे व्होल्टेज कमी नव्हतं, वाढत गेलं होतं. गाडीचा व्होल्टेज रेग्युलेटर बिघडला की हेडलाइटचे बल्ब उडतात, तसंच काहीसं. व्होल्टेज वाढलं म्हणून एक प्रकल्प स्वतःच्या संरक्षणासाठी बाजूला झाला, त्यामुळे व्होल्टेज आणखी वाढलं, मग पुढचा बाजूला झाला. काही सेकंदांत सगळा खेळ संपला. मग फ्रान्स आणि मोरोक्कोनं जम्पर केबल लावली, नद्यांवरची जलविद्युत केंद्रं आधी उठवली, आणि स्पेनला पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली.

लगेच आपल्याकडे ‘सोलरमुळे झालं’ असे व्हिडिओ आले. मला ते अर्धवट वाटतात. सोलर पॅनलला फिरणारं वजन नसतं, म्हणजे गाडीतल्या फ्लायव्हीलसारखा धक्का पचवणारा भाग नसतो, हे खरं. पण तिथला मूळ प्रश्न व्होल्टेज सांभाळायचं काम कुणी करायचं हा होता, आणि योग्य इन्व्हर्टर आणि नियम असतील तर ते काम सोलर आणि बॅटऱ्याही करू शकतात.

आपल्याकडेही असे दिवस आलेत. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळली आणि दुसऱ्या दिवशी ६० कोटींहून जास्त लोकांचा पुरवठा गेला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा घटनांचे अहवाल वाचले की एक गोष्ट परत परत दिसते: आधीच एखादी लाइन बंद असते, उरलेल्यांवर भार जातो, मग त्या जातात. स्टेपनी पंक्चर असताना गाडी हायवेला काढण्यासारखं आहे हे. काही होईपर्यंत काहीच होत नाही.

आपल्या पार्किंगमधला प्रश्न

आता गाडी आणि ग्रिड खरोखरच एका वायरनं जोडल्या जायला लागल्यात. आमच्या सोसायटीत मागच्या सभेत दीड तास याच विषयावर गेला. इलेक्ट्रिक गाडी साध्या १५ अ‍ॅम्पिअर सॉकेटवर लावली तर सुमारे ३.३ किलोवॉट घेते, भिंतीवरच्या चार्जरवर ७ किलोवॉटच्या आसपास. दहा जणांनी रात्री आठला गाडी लावली तर ७० किलोवॉट. त्याच वेळी लिफ्ट, पंप, सगळ्यांचे एसी. कोपऱ्यावरची डीपी हे गृहीत धरून बसवलेली नसते.

आणि मला सगळ्यात खटकतं ते इथे. सवलत ९ ते ५ मध्ये आहे, पण ९ ते ५ मध्ये माझी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते. घरी गृहिणी किंवा आजी-आजोबा असतील तर वॉशिंग मशीन, गीझर, पंप दिवसावर ढकलता येतात. नवरा-बायको दोघं नोकरीला जाणाऱ्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांना ही सवलत मुख्यतः शनिवार-रविवारची आहे. ग्रिडला दुपारी भार हवा असेल तर आयटी पार्क, कॉलेज, एमआयडीसीच्या पार्किंगमध्ये साधे, हळू चार्ज करणारे सॉकेट हवेत. आठ तास गाडी उभी राहते, ३.३ किलोवॉट म्हणजे २६ युनिट. रोजच्या येण्याजाण्याला ते पुरून उरतं.

शेतकऱ्यांच्या बाबतीत हे गणित सरकारला आधी कळलं, असं म्हणायला हवं. सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचा पुरवठा दिवसावर आणायचा प्रयत्न आहे. ज्याला रात्री दोनला साप-बिबट्याच्या भीतीनं पंप चालू करायला जावं लागलंय, त्याच्यासाठी दिवसाची वीज ही पैशांच्या आधीची गोष्ट आहे.

दुसरं, सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेतून. सवलत ९ ला सुरू होते म्हणून सगळ्यांनी टायमर बरोबर ९:०० ला लावला, तर तो ५ एप्रिलचाच प्रयोग उलटा होईल, एकदम मोठा भार. सर्व्हरवर सगळे क्लायंट एकाच सेकंदाला रिक्वेस्ट मारू लागले की आम्ही प्रत्येकाला थोडा वेगळा, रँडम उशीर देतो. ब्रिटननं २०२२ पासून घरगुती स्मार्ट चार्जरना हेच सक्तीचं केलं, दहा मिनिटांपर्यंतचा रँडम उशीर. चार ओळींचा कोड आहे. आपल्याकडे लाखो चार्जर लागायच्या आधी तो नियम आला तर स्वस्तात काम होईल.

पैशांचं बोलू. महिन्याला १००० किलोमीटर चालवणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला साधारण १५० युनिट लागतात असं धरू. सगळी चार्जिंग सवलतीच्या वेळेत केली तरी ८० पैशांच्या हिशोबाने वाचतात १२० रुपये. पण घरात आधी २०० युनिट जात असतील तर एकूण ३५० होतात आणि शेवटचे ५० युनिट ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात जातात. युनिटमागे फरक तीनच रुपये धरला तरी दीडशे रुपये गेले. म्हणून गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागायचा हक्क २०२४ च्या केंद्राच्या नियमांनी दिलाय, तो आधी तपासा, टायमर नंतर.

आणि पेट्रोल गाडीवाल्यांनी हसू नये. चारही टायरमध्ये हवा सहा पीएसआयनं कमी असेल तर मायलेज साधारण एक टक्का किंवा थोडं जास्त घसरतं. १५ चा अ‍ॅव्हरेज आणि शंभरीपार पेट्रोल धरलं तर १००० किलोमीटरला ८०-८५ रुपये होतात. पंपावर रांगेत असताना हवा बघायला काही लागत नाही. फक्त टायर थंड असताना बघा, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या, हवा भरणाऱ्याच्या अंदाजाचा नको.

तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरी असलाच पाहिजे, असं माझं मत आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक. १२.२ किंवा खाली असेल तर ती निम्मी उतरलीय. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. ते दिसत नसेल तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट तपासून घ्या, गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून थेट नवी बॅटरी घेऊ नका. इलेक्ट्रिक गाडीतही ही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती मेली तर मोठी बॅटरी फुल्ल असूनही गाडी उठत नाही. मात्र तिथे नारिंगी रंगाच्या केबलला हात लावायचा नाही, कधीच.

घरी चार्जिंग करत असाल तर आज रात्री एक करा. गाडी अर्धा तास चार्ज झाल्यावर प्लग काढा आणि त्याला मागून हात लावून बघा. थोडा कोमट चालेल. चटका बसला तर आतली पकड सैल आहे. ०.१ ओहमच्या सैल जोडावर १५ अ‍ॅम्पिअर वाहिले की २२ वॉटहून जास्त उष्णता एका टोकाला जमते, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास भिंतीत खोचून ठेवल्यासारखं. एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तो बंदच करा. इलेक्ट्रिशियनला बोलवा, वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्या, आणि तोपर्यंत चार्जरचा करंट अ‍ॅपमधून १० अ‍ॅम्पिअरवर आणून ठेवा.