'इन' एकच, दिशा दोन

नववीतल्या एका मुलीची वही या आठवड्यात पाहिली आणि संताप आला. इंग्रजी संभाषणाच्या एका क्लासने मुलांना छापील कागद वाटला आहे. त्यात आनंदाचे क्षण अनुभवण्यासाठी लागणारी फ्रेजल व्हर्ब्ज दिली आहेत: टेक इन, ड्रिंक इन, सोक अप, बास्क इन, रेव्हल इन, लिंगर ओव्हर, ड्वेल ऑन. साती क्रियापदांपुढे एक महिरप आणि अर्थ एकच, 'आनंद घेणे'. मुलीने इमानदारीने पाठ केलं आणि निबंधात लिहिलं की वाढदिवसाला मी आजीच्या आशीर्वादावर 'ड्वेल' करत होते. शाळेत लाल रेघ बसली. पण तिने केलं काय? दिलेलं वापरलं. 'ड्वेल ऑन' बहुतेक वेळा दुःख, अपमान, पराभव उगाळत बसण्यासाठी वापरतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

याद्यांबद्दल या जागेत मी अनेकदा लिहिलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. मात्र ही क्रियापदं अवघड आहेत हे मान्य करायला हवं. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच म्हटलं होतं की, क्रियापदापुढे एक चिमुकला शब्द लागतो, अर्थ पालटतो आणि परकीयांना सर्वांत जड जातं ते हेच. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव तर फार पुढे, १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रूढ झालं. परकीयांना जड जातं हे जॉन्सनचं म्हणणं खरं. पण मराठी मूल इथे पुरतं परकं नाही, हे आपले शिक्षक विसरतात.

'बोलणे' हे साधं क्रियापद घ्या. साहेबांशी बोलून घेतलं. मनातलं एकदाचं बोलून टाकलं. रागाच्या भरात नको ते बोलून बसलो. ओघात बोलून गेलो. हॉलवाल्याशी आधीच बोलून ठेवलंय. बोलणं तेच, पण बोलणाऱ्याचा हेतू, सुटका, पश्चात्ताप, बेसावधपणा, तजवीज हे सगळं दुसऱ्या क्रियापदाने सांगितलं. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे, पण पाच वर्षांच्या पोराला त्यासाठी दामले वाचावे लागत नाहीत. 'दूध पिऊन टाक' आणि 'दूध पिऊन घे' यांतला फरक त्याला आईच्या आवाजासकट कळतो.

आता इंग्रजीकडे या. 'ड्रिंक अप' म्हटलं की पेला रिकामा झाला पाहिजे. 'ड्रिंक इन' म्हटलं की समोरचा देखावा कितीही प्यायलात तरी संपत नाही, तो तुमच्या आत येतो. 'टेक इन'चंही तसंच: पाहिलेलं, ऐकलेलं मनात उतरवून घेणं. 'सोक अप' म्हणजे वातावरण, ऊन, गाण्याची मैफल शोषून घेणं. मराठीत सांगताना 'घेणे' आपोआप येतं, कारण ओघ आपल्याकडे आहे. 'बास्क इन' आणि 'रेव्हल इन' मात्र उलट्या दिशेचे आहेत. 'इन' तोच, पण इथे क्षण माझ्यात येत नाही, मी क्षणात जातो. कौतुकाच्या उबेत 'बास्क' करतात, जल्लोषात 'रेव्हल' करतात. व्याकरणही हेच दाखवतं. 'टेक इट इन' चालतं, 'सोक इट अप' चालतं, 'बास्क इट इन' कुणी म्हणत नाही. आत घ्यायची वस्तूच नाही, तर ती मधे येणार कुठून?

आपला वारकरी हा फरक रोज करतो. पंढरपूरचा कळस तो डोळ्यांत साठवून घेतो. कीर्तनात तो रंगून जातो. कळस रंगून घेत नाही आणि कीर्तनात साठवून जात नाही. 'घेणे' आणि 'जाणे' यांत दोन्ही दिशा पूर्ण सांगितल्या गेल्या. जोड्या तंतोतंत जुळत नाहीत, हे खरं. इंग्रजीतला छोटा शब्द मुळात जागा दाखवतो. मराठीतलं दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून करणाऱ्याचं मन दाखवतं. रंगून जाणारा जागचा हलतही नाही. 'बोलून बसलो'मधली हळहळ इंग्रजीच्या कुठल्याच 'अप'-'आउट'मध्ये मावणार नाही. पण क्रियापदाशेजारच्या लहान शब्दाकडे लक्ष ठेवायचं असतं, हा कान मराठी मुलाकडे तयार आहे.

त्याच कानाने 'लिंगर ओव्हर' ऐका. पानावर बसून हात वाळले तरी गप्पा संपत नाहीत, ते जेवण. आपण म्हणतो रेंगाळत राहिलो. 'राहणे' आलं. आणि 'ड्वेल ऑन'साठी उगाळत 'बसणे' आलं. त्या मुलीला एवढंच सांगितलं असतं, तर आजीचा आशीर्वाद तिने उगाळला नसता.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तेव्हापासून मराठीचा तास म्हणजे उरकायचा तास झाला आणि आपली मुलं इंग्रजीत अडखळतात याचं निम्मं कारण तेच, असं माझं ठाम मत आहे. संयुक्त क्रियापदं मराठीच्या तासाला नीट हाताळली जात नाहीत आणि फ्रेजल व्हर्ब्ज इंग्रजीच्या तासाला महिरपीत कोंबली जातात. दोन्ही तास बहुधा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालू असतात.

शिक्षकांना एक विनंती आहे. या क्रियापदांचे अर्थ लिहून देऊ नका. फळ्यावर दोन वाक्यं लिहा, एक 'टेक इन'चं, एक 'रेव्हल इन'चं, आणि विचारा: यात क्षण माझ्याकडे आला, की मी क्षणात गेलो? मुलं उत्तर मराठीत देतील. देऊ द्या.