‘भीमसैनिक खचत नसतो’ हे वाक्य आता थांबवा!

मागच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतला एक कार्यकर्ता मिरवणुकीत दिसला नाही. पाच वर्षे त्याच्या घोषणेशिवाय मिरवणूक जागची हलत नसे. तो घरात भिंतीकडे तोंड करून पडून होता. स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न हुकले होते, शिष्यवृत्ती अडकली होती आणि घर आईच्या धुण्याभांड्यांवर चालले होते. आई माझ्याकडे आली. म्हणाली, “पोरगं जेवत नाही, रात्रभर टक्क जागं असतं. तुम्हीच समजवा, ताई.”

मी गेले. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, वस्तीत समाजकार्य करणाऱ्या बाईने जे करू नये तेच केले. म्हणाले, “बाबासाहेबांनी किती सोसलं! तुला काय झालंय? ऊठ, भीमसैनिक खचत नसतो.” तो उठला नाही. एवढेच म्हणाला, “म्हणजे आता मी भीमसैनिकही राहिलो नाही.”

त्याला आधाराची गरज होती आणि मी त्याच्या हातून त्याची ओळखही काढून घेतली होती. हा लेख त्या चुकीतून लिहिते आहे, कारण ही चूक एकट्या माझी नाही, आपल्या चळवळीची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. निकाल हाती पडल्यावर चार दिवस वाईट वाटणे म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहते किंवा कशातच रस उरत नाही. सोबत झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात. यातली बरीच लक्षणे एकत्र आली आणि रोजचे जगणे अडू लागले, की तो आजार असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर २० माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते. म्हणजे तुमच्या ४० जणांच्या शाखेत अशी एकदोन माणसे असणारच. ती बोलत नाहीत, कारण आपण त्यांना बोलू देत नाही.

घरातले म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी आहे’, आणि देवऋषी शोधतात. २२ प्रतिज्ञा भिंतीवर आणि अंगारा कपाळावर! चळवळीतले म्हणतात, ‘ही श्रीमंतांची थेरं आहेत, संघर्ष हेच औषध.’ देवऋषी भूत दाखवतो, आपण भ्याडपणा दाखवतो. आजार दोघांनाही दिसत नाही.

आणि बाबासाहेबांचा दाखला कोणत्या तोंडाने देतो आपण? १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा आपण आणि रमाई या धक्क्यातून सावरलेलो नाही, हे त्यांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्रातून मोकळेपणाने कळवले होते. दुःख बोलून दाखवणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. मधुमेहासाठी त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले. मग मेंदूच्या आणि मनाच्या आजारासाठी उपचार घेताना आपली मान खाली का जावी? त्यांनी आपल्याला दिलेला धम्म तर दुःख मान्य करतो, ते दूर करण्याचा मार्ग शोधतो आणि मनाला केंद्रस्थानी ठेवतो.

यावर कार्यकर्ते विचारतील, “पण ताई, नैराश्य हा शब्द व्यवस्थाच वापरते ना आपल्याविरुद्ध?” प्रश्न रास्त आहे. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. त्यानंतर नेमलेल्या रूपनवाल आयोगाच्या अहवालाने वैयक्तिक निराशेकडे बोट दाखवले. ही चलाखी ओळखलीच पाहिजे. पण तिला उत्तर म्हणून ‘आमच्यात नैराश्य नसतेच’ असे म्हणणे हा मूर्खपणा ठरेल. गटारात उतरणाऱ्या कामगाराला फुप्फुसाचा आजार झाला तर आपण दोन्ही मागतो: त्याला उपचार आणि ज्याने त्याला गटारात उतरवले त्याला शिक्षा. मनाच्या बाबतीतही दोन्ही मागा. अपमान, एकटेपणा, अडकलेली शिष्यवृत्ती, ‘कोट्यातून आलास’ हा टोमणा यांनी मन आजारी पडू शकते. कारण सामाजिक आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही, आणि आजार खरा आहे म्हणून गुन्हेगार सुटत नाही.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. चांगला समुपदेशक ऐकतो, गुपित राखतो. ‘मी नापास झालो म्हणजे मी नालायक’ अशा विचारांची तो तुमच्यासोबत बसून पुराव्यानिशी तपासणी करतो. अंथरुणातून उठणे, अंघोळ, एका मित्राला फोन, अशी छोटी पावले ठरवतो आणि पुढच्या भेटीत त्यांचे काय झाले ते पाहतो. आजार तीव्र असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, ती आपल्या मनाने बंद करायची नसतात.

हे सगळे पैसेवाल्यांसाठीच आहे, असेही नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य माणसांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत समुपदेशन दिले. २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी आजारातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के होते, न मिळालेल्यांत ३९ टक्के. मग आपल्या बुद्धविहारातली, वसतिगृहातली मुलेमुली असे प्रशिक्षण का घेऊ शकत नाहीत?

समुपदेशकांनाही सुनावले पाहिजे. ‘आता कुठे जात राहिली, पॉझिटिव्ह विचार करा,’ असे सांगणारा समुपदेशक मला स्वतःला भेटला आहे. जात न कळणारा समुपदेशक आपली अर्धी जखम पाहतच नाही. असा भेटला तर दुसरा शोधा, उपचार सोडू नका.

आणि हे उपकार म्हणून मागू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे आणि जातीवरून भेदभावाला मनाई केली आहे. शिष्यवृत्तीसाठी मोर्चा काढतो, तसाच प्रत्येक वसतिगृहात जात समजणारा समुपदेशक मिळावा म्हणून काढा. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो विहाराच्या फलकावर लिहा. कुणी मरणाची भाषा बोलला तर त्याला एकटे सोडू नका. थेट विचारा, ऐका आणि सोबत दवाखान्यात जा.

त्या मुलाकडे मी पुन्हा गेले, माफी मागितली. यावेळी गप्प बसून ऐकले. जिल्हा रुग्णालयात पहिल्या दिवशी बाकड्यावर त्याच्या शेजारी बसून राहिले. आज तो पुन्हा अभ्यासाला बसतो. काही दिवस जड जातात, पण तो ते सांगतो. मिरवणुकीत कधी यायचे, हे त्याचे तो ठरवेल. तो भीमसैनिक आहे, तेव्हाही होता.

जय भीम!