पॅसेंजर उतरले, पोरं बोटीवरच राहिली

परवा पहाटे मोपा विमानतळावर ओळखीच्या एका मुलाला सोडायला गेलो होतो. बोटीवर निघाला होता. तिथे आमच्या सिंधुदुर्गातली आणखी चार-पाच पोरं भेटली. प्रत्येकाच्या हातात तीच प्लास्टिकची फाइल, तेच ट्रॅकसूट, आणि बाहेर काचेपलीकडे आई-वडील. त्यातल्या एकाच्या वडिलांनी मला निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमीच ना ती बातमी लिवलेली?"

कुठली बातमी ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

जून २०२० ची गोष्ट. बोटीवरून परतलेल्या दोन मुलांना आमच्या तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत क्वारंटाइन केलं होतं. मी मथळा दिला होता, "बोटीवरून आलेल्यांमुळे गावात भीतीचं वातावरण". दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले, तेव्हा ती बातमी आतल्या पानावर तीन ओळीत गेली. मधल्या दिवसांत एकाच्या घरचं दूध बंद झालं होतं, विहिरीवर बायकांनी त्याच्या आईशी बोलणं सोडलं होतं. हे नंतर कळलं, म्हणजे मी विचारायला गेलो तेव्हा. आधी गेलो नव्हतो. भीती होतीच, मलाही होती. पण मथळ्यात "मुळे" हा शब्द मी घातला होता, आणि तो खोटा होता.

म्हणून आज हे लिहितोय. उशीर झालाय, ठीक आहे.

कोरोना आणि क्रूझ म्हटलं की आपल्याला 'डायमंड प्रिन्सेस' आठवते. फेब्रुवारी २०२०, जपानचं योकोहामा बंदर. बोटीवर ३,७११ माणसं, त्यातली हजारावर कर्मचारी. ५ फेब्रुवारीला क्वारंटाइन सुरू झाला आणि प्रवाशांना केबिनमध्ये बसायला सांगितलं. छान. पण तीन वेळचं जेवण केबिनच्या दारात कोण नेऊन ठेवणार? ज्यांच्या स्वतःच्या केबिन खालच्या डेकवर, दोघा-दोघांत एक, आणि जेवण सगळ्यांचं एकाच मेसमध्ये, ती पोरं. ९ फेब्रुवारीपर्यंत बाधित निघालेल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण जेवणखाण विभागातले होते, आणि १६ जणांच्या केबिन एकाच डेकवर. म्हणजे क्वारंटाइन होता तो प्रवाशांचा. कर्मचारी ड्युटीवर होते. शेवटी त्या बोटीवर ७१२ जणांना लागण झाली.

त्यात १३८ भारतीय होते, १३२ कर्मचारी आणि ६ प्रवासी. उत्तर बंगालच्या एका स्वयंपाक्याने मास्क लावून व्हिडिओ केला, पंतप्रधानांना हात जोडले, तेव्हा कुठे देशाला कळलं की तिथे आपली माणसं आहेत. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाचं विमान ११९ भारतीयांना घेऊन दिल्लीत आलं. ही मंडळी त्यातल्या त्यात नशीबवान म्हणायची, कारण अजून आपलं आकाश उघडं होतं.

महिन्याभरात ते बंद झालं. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद, मग लॉकडाऊन. आणि तिकडे जगभरच्या क्रूझ कंपन्यांनी मार्चच्या मध्यालाच धंदा थांबवला होता. प्रवासी जमेल तसे, जमेल त्या बंदरात उतरले. कर्मचारी मात्र बोटीवरच. एप्रिलमध्ये एकट्या अमेरिकेच्या किनाऱ्याभोवती शंभरेक बोटी नांगरून होत्या आणि त्यांच्यावर जवळपास ८० हजार कर्मचारी. हे अमेरिकेच्या सीडीसीनेच त्यांच्या आदेशात लिहिलेलं आहे.

(आमच्याकडे सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक, ज्याच्याशिवाय बोटीवर पाय ठेवता येत नाही. २०२० मध्ये पोरांना दुसरी सीडीसी कळली, अमेरिकेचं रोगनियंत्रण खातं. पहिल्या सीडीसीने बोटीवर चढवलं, दुसरीने उतरू दिलं नाही, असा विनोद तेव्हा फिरत होता.)

त्या खात्याची अट अशी होती की कर्मचाऱ्यांना उतरवायचं तर नेहमीच्या प्रवासी विमानाने पाठवायचं नाही, खासगी गाडी, खासगी विमान, आणि त्याची हमी कंपनीच्या वरिष्ठांनी सहीनिशी द्यायची. कंपन्या म्हणाल्या परवडत नाही. ज्या कंपन्या आदल्या वर्षापर्यंत अब्जावधी डॉलर नफा दाखवत होत्या, त्या. मग त्यांनी बोटीच घरपोच पाठवायला घेतल्या. एका बोटीवर देशोदेशीचे कर्मचारी गोळा करायचे आणि अर्धं जग फिरून एकेका देशात सोडत जायचं.

मे महिन्यात वेगवेगळ्या बोटींवर कर्मचाऱ्यांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, काही आत्महत्येच्या. एका बोटीवर रुमानियाच्या पोरांनी घरी सोडा म्हणून उपोषण केलं. आजार होऊन जेवढं माणूस खचलं नसतं तेवढं वाट बघून खचलं.

मोपाला मी ज्याला सोडायला गेलो त्याची गोष्ट सांगतो, त्याची परवानगी घेतली आहे. नोव्हेंबर २०१९ ला साइन ऑन. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, बारमध्ये. मार्चमध्ये पॅसेंजर उतरले तेव्हा पहिले पंधरा दिवस त्याला मजा वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पॅसेंजरची केबिन मिळाली, बाल्कनीवाली. मग कंपनीने सांगितलं की काम नाही, तर कॉन्ट्रॅक्ट संपलं. पगार बंद. जेवण आणि केबिन चालू. आता हा माणूस कोण? कर्मचारी नाही, कारण पगार नाही. प्रवासी नाही, कारण तिकीट नाही. बोटीवरून उतरू शकत नाही म्हणून मोकळाही नाही. टिप्स तर पॅसेंजरबरोबरच गेल्या होत्या, आणि बारवाल्याची खरी कमाई तीच असते.

जूनमध्ये त्याची बोट मुंबईसमोर येऊन उभी राहिली. अकरा दिवस उभी होती. त्या दिवसांतला त्याचा एक व्हॉइस मेसेज माझ्याकडे अजून आहे. "दादा, मुंबई दिसता, पण उतराक गावना नाय."

तोपर्यंत सरकारने काहीच केलं नव्हतं असं नाही. २१ एप्रिलला केंद्राने खलाशांच्या चढ-उताराची नियमावली काढली आणि दोन दिवसांत 'मरेला डिस्कव्हरी' बोटीवरचे जवळपास दीडशे भारतीय मुंबईत उतरले. त्यात बरेच गोव्याचे होते, आणि गोव्यात त्यांच्यासाठी आमदार, मंत्री, वर्तमानपत्रं सगळे बोलत होते. मे महिन्यात इटलीहून खास विमानं दाबोळीला उतरली. गोव्यात बोटीवरचा माणूस हा मतदार आहे. त्याला नाव आहे, तारवटी. त्याच्या संघटना आहेत. बांद्याचा पत्रादेवी नाका ओलांडून अलीकडे आलात की तोच माणूस फक्त "बोटीवर असतो". कोणाच्या यादीत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्या उन्हाळ्यात मी एका सरकारी कार्यालयात फोन करून विचारलं होतं की आपल्या जिल्ह्यातली किती मुलं क्रूझवर आहेत. उत्तर आलं, "ते मुंबईत विचारा." मुंबईत विचारलं तर म्हणाले, जिल्हावार ठेवत नाही. आंब्याच्या पेट्या किती गेल्या ते आम्ही सांगू शकतो, मुलं किती गेली ते नाही.

आता परत जाण्याबद्दल. कारण सगळ्यांना वाटतं की बोटी सुरू झाल्या आणि प्रश्न मिटला.

युरोपात ऑगस्ट २०२० मध्ये जेनोव्हाहून पहिली मोठी बोट निघाली. त्याच सुमारास नॉर्वेच्या 'रोआल्ड आमुंडसेन' या बोटीवर चाळीसेक कर्मचाऱ्यांना लागण झाली. परदेशातून आलेल्या पोरांना वेगळं न ठेवता थेट कामाला लावलं होतं. अमेरिकेतून प्रवासी घेऊन पहिली बोट निघायला २६ जून २०२१ उजाडला. म्हणजे सव्वा वर्ष. या सव्वा वर्षात किती बोटी तुर्कस्तानच्या आलियागाला आणि आपल्या अलंगला भंगारात गेल्या! मुंबईतून २०१९ मध्ये गाजावाजात सुरू झालेली 'कर्णिका' २०२० संपायच्या आत अलंगला. तिच्यावरची नोकरी कुठून परत येणार होती?

आणि ज्यांच्या बोटी होत्या त्यांना आडवी आली लस. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वाल्यांना लस सुरू झाली, म्हणजे कागदावर. कोविनवर स्लॉट उघडायचा आणि मिनिटात संपायचा. त्यात १६ मेला तौक्ते वादळ आलं. मालवण, वेंगुर्ल्यात कितीतरी गावांत अनेक दिवस लाइट नाही, रेंज नाही. बुकिंग कशावर करणार? दुसऱ्या डोसला ८४ दिवसांचं अंतर झालं होतं. कंपनी म्हणते दोन्ही डोस दाखवा, जॉइनिंग पुढच्या महिन्यात. जूनमध्ये परदेशी नोकरीवाल्यांना २८ दिवसांची सवलत मिळाली, पण ती कुठल्या केंद्रावर, कुठली कागदपत्रं दाखवून, हे शोधायला पोरं ओरोसला हेलपाटे घालत होती. एकाने जे मिळालं ते कोव्हॅक्सिन घेतलं. त्याची चूक काय? जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली ३ नोव्हेंबरला. तोपर्यंत त्याची जागा दुसऱ्या देशातल्या मुलाने घेतली होती. त्याच उन्हाळ्यात सिंगापूर, फुजैरासारख्या बंदरांनी भारतातून आलेल्या खलाशांना दार बंद केलं होतं, म्हणजे कंपन्यांना कारणही मिळालं.

माझा हा दोस्त त्या काळात काय करत होता? एक सीझन आंब्याच्या पेट्या भरल्या. एक सीझन मामाच्या रिक्षावर. कोर्ससाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं, त्याचे हप्ते आईच्या बांगड्यांवर फिरवले. जानेवारी २०२२ मध्ये परत गेला. गेल्यावर चौदा दिवस केबिनमध्ये एकटा, मग रोज दहा-बारा तास मास्क लावून काम, आठवड्याला टेस्ट. पॅसेंजर प्रत्येक बंदरात उतरून फिरायचे, कर्मचाऱ्यांना खाली पाय ठेवायची परवानगी नव्हती. कित्येक महिने त्याने जमिनीला पाय लावला नाही. आणि बोट अर्धी रिकामी म्हणजे टिप्सही अर्ध्या.

२०१९ मध्ये जगात २ कोटी ९७ लाख लोक क्रूझवर गेले होते. २०२३ मध्ये तो आकडा ३ कोटी १७ लाख झाला, २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाख. धंदा नुसता सावरला नाही, वाढला. चांगलंच आहे, आमच्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या. मी क्रूझच्या विरोधात नाही. इथे राहून बारा हजारांवर हॉटेलात राबण्यापेक्षा पोरगा बोटीवर जात असेल तर मी पहिला त्याच्या आईला पेढे द्यायला जाईन. पण जाताना त्याच्या फाइलमध्ये काय आहे ते त्याला वाचता यायला पाहिजे.

मोपाला त्या पाच जणांना मी विचारलं, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन माहीत आहे का? एकाने नाव ऐकलं होतं. भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केलाय. बारमध्ये काम करणारा, केबिन साफ करणारा, भांडी घासणारा, सगळे त्यात खलाशीच. कॉन्ट्रॅक्ट संपलं की घरी पोचवायचा खर्च मालकाचा. नोकरी लावून देण्यासाठी एजंटला मुलाकडून पैसे घेता येत नाहीत. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसीचा खर्च मुलाचा, पण व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. पाचातल्या चौघांनी व्हिसाचे पैसे स्वतः भरले होते. एकाने एजंटला किती दिले ते सांगितलं नाही, नुसता हसला. डिसेंबर २०२४ पासून त्या करारात नव्या सुधारणा लागू झाल्यात, त्यात घरच्यांशी बोलायला इंटरनेटची सोय हाही मुद्दा आलाय. हे सगळं कोरोनाच्या अनुभवातून आलं, पण ज्यांनी तो अनुभव घेतला त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. ग्रामपंचायतीत रोजगार हमीचं रजिस्टर असतं, तसं एक रजिस्टर बोटीवर गेलेल्यांचं ठेवा. नाव, कंपनी, एजन्सीचा परवाना क्रमांक, साइन ऑनची तारीख, घरचा फोन. तालुक्याला ते एकत्र करा. पुढच्या वेळी कुठे बंदर बंद झालं, कुठे युद्ध पेटलं, तर आमदाराला निदान आकडा सांगता येईल. दोन सरपंचांशी बोललोय. एक म्हणाले करू. दुसरे म्हणाले, "वरून जीआर आलाय का?" त्यांच्याकडे परत जाणार आहे.

आणि त्या काचेपाशी उभ्या असलेल्या वडिलांना मी म्हटलं, होय, ती बातमी मीच लिहिली होती, चुकलं माझं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो झील आता आत गेलो. चाय घेवया?" चहाचे पैसे त्यांनीच दिले.

तुमच्या घरातलं, वाडीतलं कोणी बोटीवर असेल तर मला मेसेज करा. कॉन्ट्रॅक्टची प्रत असेल तर सोबत आणा, बसून वाचू. फोन नंबर कृपया कमेंटमध्ये टाकू नका, इनबॉक्सला पाठवा.